बाईंचा आवाज आणि माझी चाल

मित्रांनो, ही हकिकत २००६ सालची. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. तुमच्या डोळ्यांसमोर येईल तसला पिशवीत मावणारा नव्हे; दोघांनी मिळून उचलायचा, ताटाएवढ्या दोन चकत्या फिरवणारा, स्टुडिओतला. माझ्या मालकांनी सुटे भाग जमवून मला स्वतः जोडले. त्यामुळे माझी चाल जरा जगावेगळी झाली. थंड असताना मी रेंगाळे, तापलो की सुरळीत चाले. मालक मला लाडाने 'म्हातारबुवा' म्हणत.

एका गायिकेची सारी गाणी माझ्यावरच ध्वनिमुद्रित झाली. सगळे तिला बाई म्हणत. आवाज असा भरदार, की आवाज मोजणारे माझे काटे थरथरत लाल रेघेपर्यंत जात. पुढे मालक वारले, त्यांच्या लेकीने संगणक आणला आणि मी स्टुडिओच्या जिन्याखाली गेलो. डोक्यावर रंगाचे डबे आले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण तिथूनही मला सारे ऐकू येई.

२००६ साली बाईंच्या घशाचे ऑपरेशन झाले. जीव वाचला, आवाज गेला. उरली नुसती कुजबूज. आता त्यांचे गाणे म्हणजे त्या जुन्या फिती, आणि त्याही झिजत चालल्या होत्या. म्हणून लेकीने दुसरे टेपयंत्र भाड्याने आणून सारी गाणी संगणकात उतरवली आणि बाईंना बोलावले.

"ऐका मावशी, वीस वर्षांनी लहान झालात!"

बाईंनी ऐकले आणि कपाळाला हात लावला. "ही कोण चिमणी? पोरी, मी पाळण्यातसुद्धा एवढी चिरकले नसेन."

"सगळ्यांना आवडलंय हो."

"आवडू दे. पण मी गेल्यावर हीच बया माझ्या नावावर गात बसणार ना?"

बाईंनी पर्समधून सूर देणारी छोटी पिपाणी काढली. प्रत्येक गाण्याआधी ती फुंकायची त्यांची रीत, त्यामुळे तिचा सूर फितीवरही होता. त्यांनी ती फुंकली. फितीवरचा सूर चढलेला निघाला.

"म्हणजे बाबांचं यंत्र हळू चालत होतं!" लेक म्हणाली. हळू चालणाऱ्या यंत्रावर भरलेले गाणे दुसरीकडे वाजवले, की आवाज चढतो. तिने संगणकावर तो सगळीकडे सारखाच उतरवला. पहिल्या कडव्याला बाईंचा चेहरा खुलला. शेवटच्या कडव्याला पुन्हा पडला.

"आता चिमणीची म्हैस झाली गं!"

होणारच! शेवटच्या कडव्यापर्यंत मी तापून नीट चालू लागलेला असे. कुठे किती उतरवायचे, हे नुसत्या कानाने ठरेना; आणि बाईंना तर गाऊन दाखवता येत नव्हते.

मग लेकीला मी आठवलो. डबे उतरले, धूळ झटकली, कारागीर आला. त्याने मला पुसले, तेलपाणी केले, चालवून पाहिले.

"ताई, हा सुरुवातीला रेंगाळतो. पट्टा बदलतो, घड्याळासारखा चालेल बघा."

बाईंनी टेबलावर थाड्‌कन हात आपटला. "खबरदार! मला त्याचं रेंगाळणंच हवंय."

"बिघाडासकट यंत्र मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय," कारागीर पुटपुटला. पण त्याने पट्ट्याला हात लावला नाही.

पूर्वी प्रत्येक गाणे मी गार असतानाच सुरू होई, म्हणून आताही प्रत्येक गाण्याआधी त्यांनी मला गार होऊ दिले. माझ्यातून एक तार संगणकात गेली. भरताना जिथे रेंगाळलो होतो तिथेच पुन्हा रेंगाळत मी माझ्या चालीने चाललो आणि तो निमूटपणे टिपत राहिला. बाई डोळे मिटून ओठ हलवत होत्या. शेवटचे कडवे संपले.

"हीच," त्या कुजबुजल्या. "हीच मी."

पुढे माझी मोटर जळाली. कारागिराने जुन्या यंत्रांचेच दुकान थाटले, गिऱ्हाईक आले की आधी विचारतो, "दुरुस्त करायचंय, की आहे तसंच चालवायचंय?" लेक आता लोकांच्या घरातल्या फिती संगणकात उतरवून देते आणि नवी गाणीही रचते. बाई आणखी बरीच वर्षे जगल्या. दूरदूरच्या मुलींना पडद्यावरून गाणे शिकवीत. गाणे संगणक ऐकवी, चुका बाई काढीत. "आवाज तिथे, अक्कल इथे," म्हणून हसत. एका शिष्येने बाईंच्या आवाजाशेजारी आपला आवाज जोडून नवे गाणे केले. ते त्यांनी तीनदा ऐकले आणि एकच चूक काढली.

मित्रांनो, नव्या यंत्राचा मला राग नाही. माझ्यात अडकलेल्या बाई त्यानेच जगभर नेल्या. तुम्हीही खुशाल नेत जा. फक्त एखादे जुने यंत्र सुधारण्याआधी किंवा फेकण्याआधी, ज्याचा आवाज त्यात आहे त्याला एकदा विचारा.