टोन येईपर्यंत ठेवू नका

शुक्रवारी दुपारी बाराला सगळ्या संगणकांची घड्याळं शून्यावर येणार आणि दिवे, पाणी, दवाखाने, फोन सगळं ठप्प होणार, असं वर्तमानपत्रांनी महिनाभर सांगितल्यावर गावाची पाचावर धारण बसली. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मेकॅनिकला मात्र त्यामुळे बरे दिवस आले. गल्लीत त्याला वायरकाका म्हणत. एरवी फोन बिघडल्याशिवाय त्याची कुणाला आठवण होत नसे. आता दूध आणायला निघाला तरी चार जण अडवत.

"काका, फोन तरी चालेल ना?"

"न चालायला काय झालं? बाराच्या ठोक्याला रिसीव्हर उचला आणि स्वतःच्या कानांनी ऐका. डायल टोन लगेच नाही आली तर ठेवू नका. धरून बसा, येते."

हे त्याने गल्लीत सांगितलं, भाजीवाल्याकडे सांगितलं, रेडिओवाल्यांनी बोलावलं तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून तिथेही सांगितलं. शहाणपण वाटायची वेळ आली की माणूस हात आखडता घेत नाही.

वडिलांचा दमा त्या आठवड्यात बळावला होता. शुक्रवारी निघताना थोरली बहीण दारापर्यंत आली.

"आज राहतोस का? बाबांचं काही ठीक दिसत नाही मला."

"ताई, आज मी नसलो तर एक्स्चेंज कोण बघणार? जास्त वाटलं तर अँब्युलन्सला फोन कर. पाच मिनिटांत येईल."

बाबा पलंगावरून म्हणाले, "जा रे. संगणक बंद पडले तरी माझा खोकला चालूच राहील."

तिघंही हसले.

बारा वाजले. एक्स्चेंजमध्ये पडद्यावरचं घड्याळ पुढच्या सेकंदावर गेलं आणि काहीही झालं नाही. साहेबांनी टाळी वाजवली. तेवढ्यात समोरच्या फळीवरचे दिवे लागू लागले. घरटी एक दिवा, रिसीव्हर उचलला की लागणारा. एक रांग पेटली, दुसरी पेटली, मग सगळ्याच. एक्स्चेंज एका वेळी फार तर दहातल्या एका घराला टोन देऊ शकायचं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? बाकीचे कानात प्राण आणून थांबले होते. कुणीही ठेवत नव्हतं.

"ठेवायला सांगा त्यांना!" साहेब ओरडले.

"कशाने सांगू, साहेब? फोनने?"

रेडिओवाल्यांनाही फोनच करावा लागणार होता.

मग त्याची नजर आपल्या घराच्या दिव्यावर गेली. तोही लागला होता. ताईला टोन ऐकायची हौस नव्हती. तिने गरजेलाच उचलला असणार. त्याने हाताला लागतील त्या चार तारा उपटल्या. त्या जागी दुसरीच चार घरं घुसली. ताईचा दिवा तसाच ताटकळत राहिला. तो सायकलवर बसला आणि जीव खाऊन निघाला.

घरी पोचला तेव्हा खोकला ऐकू येत नव्हता. ताई पलंगाशी बसली होती. एका हातात बाबांचा हात होता, दुसऱ्या हाताने तिने रिसीव्हर कानाशी धरला होता.

"शेजाऱ्यांना हाक मारायला जाणार होते," ती म्हणाली. "पण तूच म्हणाला होतास ना, ठेवू नका म्हणून. मग धरून बसले रे."

त्याने रिसीव्हर तिच्या हातातून सोडवून घेतला. टोन येत होती.