रेणुकादास साहेबांचं पुस्तक

मी एक जुनं पुस्तक आहे, मित्रांनो. लातूरच्या एका डाळमिलमध्ये, मॅनेजरच्या केबिनमधल्या लोखंडी कपाटावर मी आडवा पडून असतो. माझ्यात राजा-राणी नाही, चित्रं नाहीत. ज्याच्या हाताखाली चार माणसं काम करतात त्याने कसं वागावं, एवढंच माझ्यात लिहिलेलं आहे. त्यामुळे मुलं मला कधी हातात घेत नाहीत. आज तुम्ही ऐकताय, म्हणून सांगतो.

छापखान्यातून मी थेट लातूरच्या एका दुकानात आलो. दुकानात सदा गर्दी असायची. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं-पोरी परीक्षांची जाड गाईडं घेऊन जायची. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो, पण माझ्याकडे कुणाची नजर वळायची नाही. उन्हाने माझी पाठ पिवळी पडली.

मग एके दिवशी रेणुकादास साहेब आले. तळहातावर पेनाने माझं नाव लिहून आणलं होतं. ते नांदेडचे. पूर्वी डाळमिलमध्ये हिशेब बघायचे, नुकतेच मॅनेजर झाले होते. मालकाने त्यांना एका शिबिराला पाठवलं होतं, आणि तिथल्या व्याख्यात्यांनी सगळ्या मॅनेजरांना सांगितलं होतं की हे पुस्तक वाचाच.

साहेबांची बायको, गोदावरीबाई, नांदेडला शाळेत शिकवायच्या. साहेब लातूरला एका खोलीत एकटेच राहायचे. रात्री डबा उघडायचा, एका हाताने जेवायचं आणि दुसऱ्या हाताने मला धरायचं, हा त्यांचा नेम. माझ्या एका पानावर अजून वरणाचा डाग आहे. आवडलेल्या वाक्याखाली ते लाल पेन्सिलने रेघ ओढायचे. इतकं प्रेम मला आधी कुणी दिलं नव्हतं.

पुढे ते दर सोमवारी सगळ्यांना गोदामात बसवून मला मोठ्याने वाचून दाखवू लागले. हमाल जांभया द्यायचे. डाळ निवडणाऱ्या बायांची मुकादम सिंधु पदराआड डुलकी काढायची. साहेबांना वाटायचं, माणसं आपल्या जवळ येताहेत. मला समोरचे चेहरे दिसत होते, पण पुस्तकाला बोलता कुठे येतं?

एका दुपारी चंद्रप्पा केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. तो मिलमधला सगळ्यांत जुना मशीनवाला. टोपी हातात धरली होती.

"साहेब, जरा बोलायचं हुतं."

"या, या चंद्रप्पा! तुम्हाला ऐकवायला एक पान काढूनच ठेवलंय." साहेबांनी मला उघडलं आणि वाचलं, "समोरच्याचं बोलणं मध्येच न तोडता पूर्ण ऐकून घ्यावं." वाक्य त्यांना फार आवडलं होतं. त्यांनी ते परत वाचलं.

चंद्रप्पाने तोंड उघडलं, मिटलं. तेवढ्यात मालकाचा फोन आला. साहेब फोनवर हात ठेवून म्हणाले, "उद्या बोलू, हां?"

"हाव साहेब," म्हणून तो गेला.

दुसऱ्या दिवशी चंद्रप्पा आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. सोमवारी साहेब सगळ्यांसमोर चिडून म्हणाले, "न सांगता घरी बसायचं, ही काय रीत झाली?"

सिंधु उठून उभी राहिली. "सांगायलाच आलते की साहेब. त्यांच्या घरचीला दवाखान्यात न्यायचं हुतं. रजा पायजे हुती. तुम्ही उद्या म्हणलात. त्याच राती तिचं लई वाढलं. काल गेली बिचारी."

साहेबांनी मला मिटलं. त्या सोमवारी वाचन झालं नाही.

तसेच ते औशाच्या बसमध्ये बसले. तिथून पुढे चंद्रप्पाचं गाव. मी पिशवीत होतो. वाटेत त्यांनी मला बाहेर काढलं आणि पुढून मागे, मागून पुढे पानं उलटली. अशा घरात गेल्यावर काय बोलावं, हे ते माझ्यात शोधत होते. मित्रांनो, माझ्यात ते नव्हतं.

चंद्रप्पा दारापुढे घोंगडीवर बसला होता. साहेब त्याच्या शेजारी खाली बसले.

"चंद्रप्पा, माझं चुकलं."

चंद्रप्पाने घोंगडीवर त्यांना जागा करून दिली. मग म्हणाला, "त्याच दुपारी नेली असती तर वाचली असती का, म्हाईत न्हाई साहेब. पर तुम्ही ऐकलं असतं तर तेवढंच बरं वाटलं असतं."

 चंद्रप्पा बायकोबद्दल बोलत राहिला, ती कशी हसायची, कशावरून रुसायची. साहेब शेवटच्या बसपर्यंत ऐकत होते. पिशवीतून मीही ऐकत होतो.

परतल्यावर त्यांनी मला कपाटावर ठेवलं. पुढच्या सोमवारी ते गोदामात रिकाम्या हाताने गेले. काही दिवसांनी चंद्रप्पाही कामावर आला. हळूहळू केबिनचं दार दिवसभर उघडं राहू लागलं. कुणी पोरीच्या शाळेचं सांगायला यायचं, कुणी नुसतंच भांडायला. साहेब हातातलं काम बाजूला सारायचे.

वरून मी हे सगळं बघायचो. मला आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू? पण त्या भरलेल्या केबिनमध्ये मी एकटा होतो. तुरीच्या डाळीचा पिवळा भुगा माझ्यावर साचत गेला. पानांच्या कोपऱ्यांना कसर लागली.

साहेब निवृत्त होऊन नांदेडला निघाले, त्या दिवशी त्यांनी मला खाली घेतलं, रुमालाने पुसलं. वाटलं, आता घरी नेतील. "राहू द्या," ते सिंधुला म्हणाले, "येणाऱ्याला उपयोगी पडेल."

त्यांच्या जागी आलेल्या तनुजा मॅडम हुशार आहेत. त्यांची पुस्तकं फोनमध्ये असतात. कानात लावून ऐकतात. त्या वाईट नाहीत. त्यांनी वर बघितलंच नाही, एवढंच.

मित्रांनो, वाचून झालेलं पुस्तक कपाटावर टाकू नका. ज्याला हवंय त्याच्या हाती द्या. आणि वाचताना दारात कुणी येऊन उभं राहिलं, तर आम्हाला खुशाल मिटा. आम्हाला राग येत नाही. फक्त ते माणूस मन मोकळं करून गेलं, की पुन्हा उघडा.

आम्ही वाट बघत असतो.