न गंजलेला साचा

त्र्याऐंशी साली कामतघरच्या कारखान्यात मी चिमुकल्या आगगाडीच्या इंजिनाचा पोलादी साचा कोरला. दोन वर्षं ती प्लास्टिकची गाडी खूप खपली, मग मागणी थांबली. कारखान्याचे मालक मुनीरशेठ यांनी तिथे कापड विणायचे लूम टाकले आणि मी लूमवर शिफ्ट करू लागलो. शेठ म्हणाले होते, "विठू, गाडी पुन्हा काढली तर मिस्त्री तूच." त्या भरवशावर मी दहा वर्षं दर शुक्रवारी, लूम बंद असताना, साचा उघडून पुसायचो आणि ग्रीस लावून ठेवायचो.

पंच्याण्णवला एका व्यापाऱ्याने तीच जुनी गाडी परत मागितली. शेठ वारले होते. त्यांचा मुलगा सादिक याने मला बोलावलं. मी लूमची ड्युटी कायमची सोडून गेलो.

सादिकने साचा उघडून ग्रीस पुसलं, तर आतल्या चकचकीत पोलादात त्याला स्वतःची दाढी दिसली.

"कमाल आहे काका! मला वाटलं, गंज काढायलाच दोन महिने जातील. त्यासाठीच तर तुम्हाला बोलावलं."

"मंग मशीनवर चढवू?"

"मशीनवर माणूस ठेवलाय. तुमचं काम उरलंच नाही."

"शेठनी शब्द दिलता. मी लूम सोडून आलोय."

"बिघडलं असतं तर मिस्त्री लागला असता. तुम्ही बिघडूच दिलं नाही, मी काय करू?"

तो हसला. मशीनवालाही हसला.

मी दारात पोचलो तेव्हा त्याने हाक मारली. मला वाटलं, मन पालटलं.

"काका, ग्रीस कुठलं लावता, तेवढं सांगून जा."

मी सांगितलं.