पडदा सुटलाय

पाटी तीच होती, डॉक्टरही तेच, बद्रीनाथ. पण जालन्यातल्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात पाऊल टाकताच मच्छिंद्रचं डोकं भणकलं. काउंटरवर चार पोरी, चौघींच्या अंगात एकसारखे कोट, अन् आल्या माणसाला आधी मशीनपुढं बसवायची काय ती घाई! दोन वर्षांखाली डॉक्टरांनी दवाखाना मुंबईच्या एका गुंतवणूक कंपनीला विकला, हे त्याच्या गावात, हसनाबादेत, शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. असल्या कंपन्या दवाखाने घेतात, धंदा फुगवतात अन् पुढच्याला विकून मोकळ्या होतात म्हणे.

पहिले बद्रीनाथांची रीतच वेगळी. डोळ्यात बॅटरी मारून बघायचे अन् दहातल्या आठांना म्हणायचे, "काही न्हाई झालं तुला, जा घरी." त्या 'जा घरी'वर अख्ख्या भोकरदन तालुक्याचा भरवसा. यंदा मात्र शेजारची दुर्गाबाई नुसता चष्म्याचा नंबर काढायला आली अन् दोन्ही डोळ्यांना लेझर मारून घेऊन गेली. तेव्हापासून मच्छिंद्रनं मनाशी पक्कं केलं होतं, डॉक्टर 'जा घरी' म्हणले तरच खरं, बाकी सगळी कंपनीची बोली.

तरी तो आला. मोसंबीचा टेम्पो चालवून तो पोट भरायचा, अन् तीन दिवसांपासून उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काळं सावट आल्तं. डोळा गेला म्हणजे टेम्पो गेला.

डॉक्टरांनी बराच वेळ डोळा तपासला.

"डोळ्याच्या आतला पडदा सुटायला लागलाय, मच्छिंद्र. दोन दिवसांत ऑपरेशन पाहिजे, न्हाई तर हा डोळा जाईल."

घ्या! आला आपलाही नंबर, मच्छिंद्रला वाटलं.

"दुखत तर बिलकुल न्हाई, साहेब."

"पडदा दुखत नसतो रे."

"हे तुम्ही बोलून राह्यले का तुमची कंपनी?"

डॉक्टरांनी उठून दार लावलं. "मी."

"मंग दुर्गाबाईच्या वेळी कोण बोलल्तं?"

डॉक्टरांची मान खाली गेली. "तेव्हाही मीच. तिला लेझरची गरज नव्हती. महिन्याला इतके करा म्हणून वरून आकडा येतो, केलं मी. लाज वाटते. पण आज खोटं बोलत न्हाई. माझ्याकडं करूच नको. संभाजीनगरला सरकारी दवाखान्यात जा, पण आजच्या आज जा!"

आता एवढं तोंड फोडून सांगितल्यावर कुणीही उठून पळालं असतं. पण संशयानं मच्छिंद्रचे कानच बंद केल्ते. स्वतःचं गिऱ्हाईक हा माणूस दुसरीकडं का धाडतोय? नक्की तिथंही ह्यांचीच साखळी असणार!

"खोटं कधी अन् खरं कधी, हे आम्ही कसं वळखावं, साहेब?"

मच्छिंद्र तडक घरी आला. बायकोनं, वंदनानं, विचारलं तर म्हणाला, "काही न्हाई. जा घरी म्हणले." ती बिचारी देवापुढं साखर ठेवून आली.

पाचव्या दिवशी सकाळी ती त्याच्या उजव्या अंगाला चहा घेऊन उभी राहिली, तर त्याला ना कप दिसला ना ती. त्यानं डावा डोळा तळहातानं झाकला. अंगणातला टेम्पो दिसेना, अंगणही दिसेना.

"अहो, काय झालं?" वंदना घाबरली. "डॉक्टर तर काही न्हाई म्हणल्ते ना? खोटं बोलले का मेले?"

"न्हाई गं," मच्छिंद्र म्हणाला, "ते खरंच बोलल्ते. तुला खोटं मी सांगितलं."