आमच्या भिंतीतला पहिला खिळा

मी एक जुनी हातोडी आहे. मित्रांनो, हातोडीचा जन्म भिंतीत खिळे ठोकण्यासाठी असतो असे तुम्हाला वाटत असेल. मलाही तसेच वाटत होते. पण मी पडले भाडेकरूंच्या हाती, आणि भाड्याच्या घरात हातोडीला काय काय करावे लागते ते ऐकाल तर हसाल.

लोहाराच्या भट्टीत माझे डोके घडले आणि सुताराने त्यात दांडा बसवला. दुकानात मी दोरीला टांगलेली असताना एक नवे जोडपे आले. तो चष्म्याच्या दुकानात काचा बसवणारा, ती शिवणकाम करणारी. तिच्या काखेत लग्नाचा फोटो होता, नुकताच फ्रेम करून आणलेला. "हा टांगायचाय, एक हातोडी द्या," ती म्हणाली. दुकानदाराने वर एक दणकट खिळा फुकट दिला. तो खिळा आणि मी एकाच पिशवीतून घरी आलो.

दारातच घरमालक उभे होते. त्यांनी आधी मला पाहिले, मग नवरा-बायकोला.

"सुखानं राहा," ते म्हणाले, "पण भिंतीला खिळा नाही हं!"

झाले! फोटो कपाटामागे गेला, भिंतीकडे तोंड करून. खिळा बटणांच्या डब्यात गेला. आणि मी? मी अक्रोड फोडले, बर्फ फोडला, डब्यांचे पोचे काढले, पावसात फुगलेल्या खिडक्या ठोकून उघडल्या. घरे बदलत गेली. एका मालकाला पाहुणे चालत नसत, एकाला तळणाचा वास चालत नसे, एकाला तान्ही मुलगी रडलेली चालत नसे. खिळा मात्र कोणालाच चालत नसे. बाकी कशावर नसेल, पण यावर साऱ्या घरमालकांचे एकमत आहे.

शेवटच्या घरात आम्ही बरीच वर्षे राहिलो. मालक वरच्याच मजल्यावर राहत. सगळे त्यांना काका म्हणत. काकांनाही खिळा चालत नसे, म्हणजे आमच्या भिंतीला. स्वतःच्या भिंतीला मात्र चालत असे, आणि त्यांच्याकडे हातोडी नव्हती.

"अहो, जरा हातोडी देता का?" अशी हाक वरून आली की मी निघाले. मित्रांनो, माझ्या जन्माचे सार्थक झाले ते असे, दुसऱ्याच्या भिंतीत! काकांचा नेम वाईट. दोन खिळे वाकवल्याशिवाय तिसरा सरळ जात नसे, आणि भोके बुजवायला पुट्टीचा डबा त्यांच्याकडे कायम तयार असे. मला परत करायला आले की जाता जाता ते आमच्या भिंतींवरून हळूच हात फिरवून जात.

एकदा कपाट हलवताना फोटो मुलीच्या हाती लागला. तोवर ती कॉलेजात जाऊ लागली होती.

"आई, म्हणजे तुमचं लग्न खरंच झालंय?" ती म्हणाली. "मला वाटलं, नुसत्याच गोष्टी सांगता."

सगळे हसले. पण त्याच आठवड्यात दोघे एक छोटे घर पाहून आले. विकणारा ओळखीचा होता. "महिनाभर थांबतो," तो म्हणाला. आता फक्त बँकेचे कर्ज मिळायचे बाकी होते.

मी शिवणयंत्राच्या खणात राहत असल्यामुळे बँकेच्या साऱ्या वार्ता माझ्या कानावर येत.

"काय म्हणाले साहेब?"

"हप्ता झेपेल कशावरून, म्हणाले."

"अहो, हप्ता भाड्याहून कमी बसतोय! भाडं झेपतंच ना?"

"तेच म्हटलं. तर म्हणे, भाडं भरल्याचा पुरावा आणा. आणि वर म्हणे, अर्जात कायमचा पत्ता लिहा."

"मग?"

"मी म्हटलं, साहेब, तोच तर घ्यायला आलोय."

ती खळखळून हसली. मग पुन्हा यंत्र चालवू लागली.

हिशेब मलाही कळतो, मित्रांनो. आमच्या भाड्यावर एका मालकाने गच्चीवर खोली चढवली, दुसऱ्याने मुलीचे लग्न उरकले. पण सगळे भाडे रोख, हातातून हातात गेलेले. बँकेच्या लेखी आमच्या माणसांनी आयुष्यात कोणाला छदामही दिला नव्हता! त्यात आमच्या चष्मेवाल्यांचे केस पांढरे होत आलेले. आणखी उशीर केलात तर वयामुळे कर्ज मिळणारच नाही, असे साहेबांनी स्पष्ट सांगितले होते. निदान आताच्या मालकांनी 'भाडे वेळेवर मिळाले' एवढे लिहून दिले, तर ते विचार करणार होते.

काकांनी हात झटकले. "लिहून-बिहून मी देत नसतो. उद्या करवाले माझ्याच मागे लागायचे."

त्यानंतर काही दिवसांनी वरून हाक आली. नातवाचा फोटो लावायचा होता. काका उंच स्टुलावर चढले. काकूंनी स्टूल धरले.

"इथे ठोकू का?"

"आधी सांगा, ही हातोडी कोणाची?"

"खालच्यांची. का गं?"

"त्यांच्या हातोडीनं आपली भिंत भरली आणि त्यांच्या घरात एक खिळा नाही. जरा लाज वाटू द्या."

"अगं, ते गेले तर असे भाडेकरू पुन्हा मिळतील का?"

"चांगले आहेत म्हणून कोंडून ठेवायचे? आणि कर काय, तो भरायचाच असतो. लिहून द्या, नाहीतर सोडते मी स्टूल."

मित्रांनो, स्टुलावर चढलेला माणूस बायकोशी फार वाद घालत नाही.

काकांनी लिहून दिले, इतकेच नव्हे, तर इस्त्रीचा शर्ट घालून स्वतः बँकेत गेले. भाडे एकदाही चुकले नाही, असे त्यांनी लिहिले होते. खाली स्वतःच्या मनाने आणखी एक ओळ घातली होती : 'भिंतीला एकही खिळा नाही.'

"याचा इथे काय संबंध?" साहेबांनी विचारले.

"साहेब, कोणी बघत नसताना जे दुसऱ्याची भिंत सांभाळतात, ते तुमचा हप्ता बुडवतील होय?"

कर्ज मंजूर झाले. मागितले त्याहून थोडे कमीच. उरलेल्यासाठी चष्म्याच्या दुकानदाराने पगारावर उचल दिली. महिना संपायच्या आत घर आमचे झाले.

घर लहानच आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाठ दिसते. पहिल्याच दिवशी फोटो पुसून झाला, बटणांच्या डब्यातून गंजलेला खिळा निघाला. चष्मेवाले खुर्चीवर चढले. खिळा भिंतीला टेकवला, मला उचलले आणि तसेच थांबले.

"काय झालं हो?"

"काही नाही. पण... विचारायला हवं ना?"

"कोणाला?"

ते खाली उतरले आणि त्यांनी चक्क फोन लावला. "काका, भिंतीला एक खिळा मारला तर चालेल का?"

पलीकडून काकांचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला, "अहो, घर तुमचं आहे! मारा की! आणि हे बघा, काम झालं की हातोडी जरा इकडे पाठवा."

मग मी खिळा ठोकला. भिंतीचा एक टवका उडाला.

"बाबा, फोटो वाकडा झालाय," मुलगी म्हणाली.

"असू दे. आता घाई नाही. सावकाश सरळ करू."

मित्रांनो, आता माझे डोके दांड्यावर जरा हलते. तुमच्या घरातल्या हातोडीचे असे झाले तर तिला फेकू नका, दांड्यात एक पाचर ठोका. तिला ओलीत ठेवू नका. शेजाऱ्याकडून आणली तर न मागता परत करा. आणि मोठे होऊन कोणी घरमालक झालात, तर भाड्याची पावती देत जा आणि भाडेकरूला एक तरी खिळा मारू द्या. भोक पुट्टीने बुजते. मी वरच्या मजल्यावर पुष्कळदा पाहिले आहे.