आईची तब्येत

ओगाता-साननी तिसऱ्यांदा बोलावलं, तेव्हा माझ्याकडची कारणं संपली होती. पहिल्यांदा मुलीची शाळा पुढे केली, दुसऱ्यांदा पाठदुखी. थापा मला पटकन सुचतात, हाच माझा रोग आहे. शेवटी २०१४च्या मे महिन्यात एका शनिवारी मुकाट्यानं त्यांच्या गाडीत बसलो आणि निक्कोच्या वरच्या चुझेन्जी तळ्यावर गेलो.

ओगाता-सान आमच्या लॅबमधले सगळ्यात जुने टेक्निशियन. साठीला आलेले, एकटे, मोजकं बोलणारे. मी पुण्याहून जपानात पोस्टडॉकसाठी आलो तेव्हा कोणत्या वारी कोणता कचरा टाकायचा इथपासून सेंट्रिफ्यूज कसं लावायचं इथपर्यंत सगळं त्यांनीच शिकवलं. असा माणूस मासे पकडायला बोलावतोय, तर आनंदानं जावं. मला मात्र त्यांच्याबरोबर एका होडीत बसायची धास्ती होती. होडीतून मधेच उठून जाता येत नाही.

धास्तीचं कारण सांगतो. मार्च २०११चा भूकंप झाला, फुकुशिमाच्या अणुभट्टीत स्फोट व्हायला लागले, तेव्हा आमचे प्राध्यापक परदेशात अडकले होते. रोज काही तास वीज जायची आणि उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये सगळ्या लॅबची कित्येक वर्षांची मेहनत होती. मी आणि ओगाता-साननी पाळ्या लावल्या. वीज गेली की ज्याची पाळी त्यानं कोरडा बर्फ भरायचा आणि ती येईपर्यंत तिथेच थांबायचं. इकडे ग्योतोकुला आमच्या घरात माझी बायको सुचेता मुलीला मांडीवर घेऊन टीव्हीपुढे बसलेली. मिळतील ती तिकिटं काढ, एवढंच म्हणायची. सोळा तारखेला मी ओगाता-सानना फोन केला आणि सांगितलं, आई अत्यवस्थ आहे, पुण्याला जावं लागतंय. ‘घाबरलोय, पळतोय’ एवढे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. आई त्या दिवशी गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालत होती.

पुण्यात पोचल्यावर तिला हे सांगितलं तर ती हसत सुटली. “अरे, मरणाची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं. चांगली दहा वर्षं दिलीस मला.” मीही हसलो. सहा आठवड्यांनी परत आलो. माझे नमुने जागच्या जागी, शाबूत. ओगाता-साननी पहिलं काय विचारलं तर, “आईंची तब्येत?” मी म्हणालो, बरी आहे. तेवढं खरं होतं, म्हणून मला हायसंसुद्धा वाटलं. त्यानंतर तीन वर्षं ते अधूनमधून विचारत राहिले आणि मी ‘बरी आहे’ म्हणत राहिलो.

होडी जेमतेम दोघांची, मागे विजेवर चालणारी छोटी मोटर. तळ्याच्या मधोमध आल्यावर त्यांनी मोटर बंद केली. लेक ट्राउट हा मासा खोल, थंड पाण्यात राहतो. त्याच्यासाठी जिग वापरतात, म्हणजे धातूची चकचकीत खोटी मासोळी, पोटाखाली गळ. ती तळाला टेकेपर्यंत दोरी सोडायची, मग काठी झटक्यानं वर घ्यायची आणि मासोळी पुन्हा हळू खाली पडू द्यायची.

“वर ओढताना नाही, पडताना घेतो तो,” ओगाता-सान म्हणाले. “दोरी सैल झाल्यासारखी वाटली की समजायचं. आणि मिळाला तरी न्यायचा नाही, हं. सोडायचा.”

ते मला माहीत होतं. स्फोटांनंतर पावसाबरोबर किरणोत्सर्गी सीझियम इथपर्यंत आलं, तळ्यात उतरलं, माशांत गेलं. तेव्हापासून इथला ट्राउट पकडायचा आणि परत पाण्यात सोडायचा, असा नियम होता. “खायचा नाही तर एवढ्या लांब येता कशाला?” मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

“पूर्वी आईकडे न्यायचो, फुकुशिमाच्या किनाऱ्यावर, इवाकीला. ती मीठ लावून भाजायची. आता नुसता येतो.”

“आई आता...?”

“गेली. भूकंपाच्याच महिन्यात, चोवीस तारखेला. घर त्सुनामीत गेलं होतं, शाळेच्या हॉलमध्ये राहत होती. थंडीनं न्यूमोनिया झाला.” त्यांनी काठी वर घेतली, खाली सोडली. “चुलतभाऊ गाडी घेऊन निघाला होता. पेट्रोल मिळत नव्हतं तेव्हा, पण त्याची टाकी भरलेली होती. मला म्हणाला, चल. पण फ्रीझरपाशी कोणी नव्हतं.”

त्यानंतरही तीन वर्षं आम्ही एका लॅबमध्ये काम करत होतो आणि मला हे माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं कधी. विचारणारे तेच होते.

“वाईट वाटून घेऊ नका, हेम-सान. तुमचा नाइलाज होता,” ते म्हणाले. “दोघींपैकी एकीकडे तरी मुलगा वेळेवर पोचला, अशी मी मनाची समजूत घातली. अजूनही रोज सकाळी आईच्या फोटोपुढे उदबत्ती लावतो, तेव्हा तिला सांगतो, हेम-सानच्या आईंवरही लक्ष ठेव.”

इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. आईचं हसणं आठवलं, ती दहा वर्षं आठवली. कुणाच्या वाट्याची दिली होती मी?

तेवढ्यात माझी दोरी सैल पडली. मी सवयीनं नव्हे, घाबरून काठी वर खेचली आणि ती वाकली. “सावकाश,” ओगाता-सान म्हणाले, “खोलातून येतोय तो, हवा सोडत येऊ द्या.” दहा मिनिटं गेली. मग पाण्यावर बुडबुडे आले आणि त्यांच्यामागून मासा. हातभर लांब, काळपट हिरवा, अंगभर फिकट ठिपके. त्यांनी तो जाळीत घेतला, हात भिजवून गळ सोडवला, मासा मला दोन्ही हातांत धरायला लावला आणि शेजारी बसून, हात लांब करून माझ्याच फोनवर आमचा फोटो काढला. मग मासा पुन्हा जाळीत घेऊन ती पाण्यात तिरकी केली. मासा क्षणभर तसाच थांबला आणि खाली गेला.

“आईंना पाठवा. आजारातून उठलेल्या माणसाला बरं वाटतं.”

पुण्यात सकाळचे सात वाजले होते. मी फोटो पाठवला आणि दोन मिनिटांत आईचाच फोन आला. हात माशानं बुळबुळीत झालेले, म्हणून स्पीकर लावला.

“केवढा रे मासा! आणि शेजारी कोण, तुझे ते ओगाता का?”

आपलं नाव ऐकून ओगाता-सान सरसावून बसले. फोन त्यांनी दोन्ही हातांत घेतला, त्याच्यापुढे कमरेत वाकले आणि जपानीतून विचारलं, तब्येत कशी आहे.

“काय म्हणतायत ते?”

“तुझी तब्येत विचारतायत.”

“मला काय धाड भरलीय? सांग त्यांना, तुझं बाळंतपण सोडलं तर जन्मात हॉस्पिटलची पायरी चढले नाही.”

ओगाता-सान हसऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडे बघत होते. आई तुमचे आभार मानतेय, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. खपलंही असतं.

“ती म्हणते,” मी म्हणालो, “ती कधी आजारी पडलीच नाही.” त्यांचं हसू तसंच होतं. “तेव्हाही नाही. मी घाबरून पळालो होतो, ओगाता-सान.”

“हॅलो? हेमू? आवाज येत नाहीये रे,” आई म्हणाली.

ते पुन्हा फोनपुढे वाकले. “बरं झालं,” तिला म्हणाले, “फार बरं झालं.” मग फोन माझ्या हातात दिला, आपली दोरी गुंडाळली, जिग पुसून डबीत ठेवली आणि मोटर सुरू केली. माफी मागायचे जपानीत जेवढे प्रकार मला येतात तेवढे मी काठ येईपर्यंत वापरले. ते समोर बघत होडी चालवत होते.

धक्क्याला दोर बांधून झाल्यावर ते माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते.

“उद्या सकाळी आईला काय सांगू, हेम-सान?”

मला काहीच सुचलं नाही.