चढावरचं घर

"वर भिंतीच नाहीत, असं म्हणतंय ते." भाचीने लॅपटॉपच्या पडद्यावर आलेली सूचना वाचली आणि ती हसायलाच लागली. "मामा, काय केलंत तुम्ही?"

"पाया घालायला सांगितला," अनुस्वार म्हणाले. "चुकलं का काही?"

"अहो, पण कशाखाली घालणार ते पाया? इथे आधी भिंती काढायच्या. मग एक बटण दाबलं की त्यांच्याखाली पाया आपोआप येतो."

"आधी भिंती? आणि मग पाया?"

"इथे तसंच असतं, मामा."

अनुस्वारांनी चष्मा काढून पुसला. एखादी गोष्ट पटली नाही की ते काही बोलत नसत, चष्मा पुसत. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "यंत्राला कळलं बाई! आमचा उभा जन्म पाया घालण्यात गेला."

भाची ओठ दाबून हसली. अनुस्वारही थोडेसे हसले.

ते एका छापखान्यात प्रुफं तपासत असत. अंगाने किरकोळ, बोलणं बेताचं, चारचौघांत नेहमी कडेला उभे. 'असला तर दिसत नाही, नसला तर चुकल्यासारखं वाटतं' म्हणून मेहुण्यांनी हे नाव ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की बायकोही रागावली की त्याच नावाने हाक मारी.

लग्नानंतर तीनेक वर्षांनी दोघांनी शहराबाहेर जमिनीचा एक तुकडा घेतला होता. खाली रस्ता, वर एक मोठा खडक आणि मधे नुसता चढ. सुट्टीच्या दिवशी दोघं थर्मास घेऊन तिथे जायची. ती काटकीने मातीत घर आखायची. इथे दार, इथे चूल, इथे खिडकी. पुढच्या वेळेपर्यंत रेघा पुसलेल्या असत. ती पुन्हा आखायची. "यंदा सुरुवात करू या का?" ती विचारी, आणि अनुस्वार म्हणत, "आधी पाया भक्कम होऊ दे." तो पाया म्हणजे कधी बहिणीचं लग्न असे, कधी वडिलांचं आजारपण, कधी मुलीचं कॉलेज. एकही कारण खोटं नव्हतं. त्यामुळे तिला धड भांडताही आलं नाही.

आता मुलगी दूर परदेशात होती आणि ही दोघं तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती. बायकोचे गुडघे गेले होते. दवाखान्यापुरतीच ती जिना उतरे. तळमजल्यावरचं एक घर मिळत होतं, पण त्यासाठी जमीन विकावी लागणार होती. गोदाम बांधणारा एक माणूस ती घ्यायला तयार होता. फोनवर तो मोकळेपणाने म्हणाला, "चढाची काळजी सोडा, काका. बुलडोझर लावला की एका दिवसात सपाट!"

ती तेव्हा समोर बसून मटार सोलत होती. फोन बंद झाल्यावरही बराच वेळ तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"शुक्रवारी सही करते मी," ती शेवटी म्हणाली. "पण त्याआधी एकदा मला त्या घरात जाऊन यायचंय."

"कुठल्या घरात?"

"आपल्या."

भाची घरांचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीत होती. तिने तिचा जुना लॅपटॉप आणि त्यातलं ते सॉफ्टवेअर आणून दिलं. "मी काढून देते ना, मामा. एका संध्याकाळचं काम आहे," ती म्हणाली. पण अनुस्वारांनी नकारार्थी मान हलवली. आपल्याला हे जमेल असं त्यांना अजिबात वाटत नव्हतं. तरी त्यांनी मान हलवली.

पहिल्याच दिवशी बायको चहा घेऊन आली आणि पडद्याकडे बघत उभी राहिली.

"हे काय? कॅरमबोर्ड?"

"जमीन आहे ती."

"आपली नाही. आपल्या जमिनीवर लिंबू ठेवलं तर रस्त्यावर जाऊन पडेल."

"उंची सांगावी लागते गं त्याला. कुठे किती चढ ते. मी कधी मोजलाच नाही."

"मोजायला कशाला हवं? मी खाली रस्त्यावर उभी राहिले की दाराच्या जागेची जमीन बरोबर माझ्या खांद्याला यायची. तुम्ही वर बसून माझ्या हातातला थर्मास घ्यायचात. वाकावंसुद्धा लागायचं नाही तुम्हाला."

अनुस्वार उठले, शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन आले. ती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. त्यांनी तिच्या खांद्याजवळ पेन्सिलीने खूण केली.

"सरळ उभी राहा ना."

"सरळच आहे. आता एवढीच उरलेय." मग ती खुणेकडे वळून बघत म्हणाली, "तेव्हाचा खांदा उंच होता. दोन बोटं वाढवा."

"तीन," अनुस्वार म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं, पण ते टेपवरचा आकडा वाचण्यात गुंतले होते.

मग तिने बाकीचं सांगितलं. खडकावर बसलं की चुलीच्या जागेवर उभ्या माणसाचा भांग दिसायचा. पोरगी जिथून घसरगुंडी करायची तो उंचवटा घराच्या डाव्या अंगाला. अनुस्वार एकेका बिंदूवर उंची घालत गेले, आणि पडद्यावरची जमीन हळूच उचलली गेली, पांघरुणाखाली कुणी कुशीवर वळावं तशी.

"हां," ती खुर्ची ओढून बसली. "आता आली."

नंतरचे दिवस भिंतींत गेले. स्वयंपाकघराची खिडकी तिला रस्त्याकडे हवी होती. "पोरगी चढ चढून येताना दिसली पाहिजे. तोवर मी आधण ठेवीन."

सॉफ्टवेअरमध्ये भिंतींचं कातडं काढून आतला सांगाडा बघता येत असे. उभे खांब, आडव्या तुळया, छपराच्या फासळ्या. अनुस्वारांना तो फार आवडला. त्यांनी भिंतीत खिडकी ठेवली, तशी मधले खांब आपणहून बाजूला झाले आणि वरचा भार पेलायला एक जाड तुळई आडवी आली. त्यांनी खिडकी काढली, पुन्हा ठेवली. खांब पुन्हा बाजूला झाले.

"काय खेळताय?"

"बघ ना. जागा करून देतात."

गुरुवारी सकाळी त्यांनी पायाचं बटण दाबलं. भिंती उभ्या होत्या, त्यामुळे या वेळी सूचना आली नाही. घराखाली पाया आला. अनुस्वारांनी कौतुकाने बायकोला हाक मारली.

ती आली आणि पडद्याजवळ वाकली. घर नीट बसावं म्हणून सॉफ्टवेअरने आपणहून सगळी जमीन सपाट करून टाकली होती. चढ नव्हता, घसरगुंडीचा उंचवटा नव्हता. घर टेबलावर ठेवलेल्या डब्यासारखं दिसत होतं.

"इथेही आणलात ना बुलडोझर, अनुस्वार?" ती म्हणाली आणि आत निघून गेली.

अनुस्वारांनी भाचीला फोन लावला. जमीन सपाट झाल्याचं त्यांनी दोनदा सांगितलं.

"मामा, घाबरू नका हो. तिथे सपाटीकरणाची एक खूण असते, ती काढा. चढ परत येईल. पण मग पाया पायऱ्यापायऱ्यांनी घालावा लागेल, प्रत्येक भिंतीखाली वेगळ्या उंचीचा. आमच्या ऑफिसात कुणी त्या भानगडीत पडत नाही. आम्ही सपाट करून मोकळे होतो."

"मला चढ हवाय."

"वेळ लागेल, मामा."

"उद्यापर्यंत आहे," अनुस्वार म्हणाले.

दिवसभर ते खुर्चीतून हलले नाहीत. रस्त्याकडच्या भिंतीखाली पाया उंच, खडकाकडे जाता जाता बुटका. प्रत्येक टप्पा झाला की ते घर फिरवून खालून बघत. एका कोपऱ्याखाली बोटभर उजेड दिसला. घराचा तेवढा भाग हवेत होता. प्रुफातली चूक सापडावी तसे ते हुरळले आणि तो टप्पा त्यांनी पुन्हा घातला. संध्याकाळी बायकोने जेवणाचं ताट लॅपटॉपशेजारी ठेवलं. जाताना ती क्षणभर थांबली. उंचवटा आपल्या जागी होता.

शुक्रवारी सकाळी गोदामवाल्याचा माणूस कागद घेऊन येणार होता. त्याच्या आधी अनुस्वारांनी दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या.

"चल," ते म्हणाले.

ती केस नीट करून आली. पडद्यावर रस्ता होता आणि वर घर.

"मी जमिनीपासून फारच उंच वाटतेय."

"सॉफ्टवेअर कुणातरी उंच माणसाच्या डोळ्यांनी दाखवतं. तुझी उंची घालतो."

"आताची नको," ती म्हणाली. "तेव्हाची घाला."

त्यांनी तेव्हाची घातली. दाराची जमीन बरोबर तिच्या खांद्याला आली. ते बाणाचं बटण दाबत राहिले आणि ती चढू लागली.

"हळू. चढ आहे."

"गुडघे?"

"काही नाही," ती हसली. "अजिबात दुखत नाहीयेत."

घसरगुंडीच्या उंचवट्याजवळ तिने थांबायला सांगितलं. मग दार आलं. अनुस्वारांचं बोट बाणावर होतं. टेबलाखाली त्यांना हलकासा आवाज ऐकू आला. तिने पायांतल्या सपाता काढल्या होत्या.

त्यांनी दार उघडलं.

आत सामान काहीच नव्हतं. तेवढा वेळच मिळाला नव्हता. ती या खोलीतून त्या खोलीत फिरली आणि शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीशी आली. खिडकीतून अख्खा चढ दिसत होता, पार खालच्या रस्त्यापर्यंत. रस्ता मोकळा होता.

"इथून दिसली असती," ती म्हणाली.

अनुस्वारांनी बाणावरचं बोट उचललं. चष्मा मात्र पुसला नाही.

दाराची घंटा वाजली. गोदामवाल्याचा माणूस तीन मजले चढून धापा टाकत आत आला. "काकू, कसे राहता हो तुम्ही एवढ्या वर?" म्हणाला. "राहतोय झालं," ती म्हणाली. तिने त्याला पाणी दिलं आणि त्याने दाखवलं तिथे सही केली. अनुस्वारांनीही केली. त्याने कागद पिशवीत घातले आणि तो लॅपटॉपकडे बघून म्हणाला, "छान आहे घर. कुणाचं?"

"आमचंच," ती म्हणाली आणि रिकामा पेला उचलून आत गेली. अनवाणीच.

तो गेल्यावर अनुस्वार लॅपटॉप बंद करायला खुर्चीत बसले. सपाता टेबलाखाली होत्या, जोडीने, उंबऱ्याबाहेर काढून ठेवाव्यात तशा. धक्का लागू नये म्हणून त्यांनी आपले पाय आखडून खुर्चीखाली घेतले आणि तसेच बसून राहिले.